पिवळं न पडलेलं पील

खच्च.

परसातून एवढाच आवाज आला आणि घर पुन्हा गप्प झालं. सुष्मा निजलेल्या पूजिताच्या उशाशी भिंतीला टेकून बसली होती, हातात निवत चाललेली कॉफी. नवमीची सकाळ, सुट्टीची. पोर जागी होईपर्यंतचा हा एवढासा वेळ तिचा स्वतःचा. त्यात ती काही करायची नाही, नुसती बसायची.

पुन्हा खच्च.

आता मात्र तिचे कान उभे राहिले. नारळ असा फुटत नाही, तो ठणकन फुटतो. सरपणाचा आवाज कोरडा असतो. हा ओला होता, आत पाणी भरलेल्या कशाचा तरी. रावेरच्या केळीच्या मुलखात वाढलेल्या मुलीला तो गाढ झोपेतही ओळखू आला असता. पेला जमिनीवर तसाच ठेवून ती अनवाणी परसात धावली.

गोदावरीबाई पदर खोचून उभ्या होत्या. एका हातात कोयता, दुसऱ्या हाताच्या कवेत केळीची दोन कोवळी रोपं. पानं अशी तुकतुकीत, की सकाळचं ऊन त्यांवरून घसरत होतं.

"उठलीस? बघ, बाळेकंदु कसे लक्षण, कसे देखणे निघाले!" सासूबाईंचा चेहरा फुलला होता. "तुझ्या स्कूटरला दोन्ही बाजूंनी बांधू. मारकेटात आज पाय ठेवायला जागा नसणार, आणि घरात अशी असताना कशाला जायचं?"

म्हैसुरात आयुधपूजेला चाक असलेली कुठलीही वस्तू केळीच्या रोपांवाचून राहत नाही. सायकल असो की लॉरी, पुढे दोन बाळेकंदु डुलायलाच हवेत. हे सुष्माला ठाऊक होतं. लग्न होऊन ती इथे आली त्याला बरीच वर्षं झाली होती. तरीही तिची नजर त्या कवेतल्या रोपांवरून हलेना.

"अत्ते," ती कशीबशी म्हणाली. इकडच्या रिवाजाप्रमाणे सासूला ती अत्ते म्हणायची. "हीच का कापलीत? ती दुसरी दोन होती ना?"

"अय्यो! ती पिवळी पडलेली बांधू होय गाडीला? आयुधपूजेला कुणी रोगट झाड बांधतंय का? त्यांना आधी कापून टाकलं बघ, त्या कोपऱ्यात. कसली कीड लागली होती देव जाणे. मग ही बघितली. एक पान पिवळं नाही, सुष्मा, एक पान! जणू आजच्यासाठीच वाढली."

एक पान पिवळं नाही. तीन महिने सुष्मा रोज सकाळी हेच बघायला परसात येत होती, आणि रोज मनातल्या मनात हेच वाक्य म्हणत होती.

तिनं सांगितलं नव्हतं, असं नाही. आषाढात रोपं घरी आणली, त्या दिवशी जेवताना तिनं सगळं सांगितलं होतं. नंजनगूडची रसबाळे, म्हणजे ते लहानखुरं, पातळ सालीचं केळं, एक पिकलं की वास घरभर फिरतो. ते मातीतल्या मर रोगानं नाहीसं होत चाललंय. मुळांतून रोग वर चढतो, पानं पिवळी पडून खाली लोंबतात आणि झाड उभ्यानं मरतं. कडकोळच्या तिच्या लॅबमध्ये केळीचा कोंब बाटलीत वाढवतात, एकाचे दोन, दोनाचे चार. सगळी रोपं एकसारखी व्हावीत म्हणूनच तर तो खटाटोप. पण फार वेळा बाटल्या बदलल्या, की एखादं रोप आपल्याआपण बदलतं. का बदलतं ते नेमकं कुणालाच सांगता येत नाही. बहुतेकांचं बदलणं वाईटच. कुणी खुजं राहतं, कुणाच्या पानावर चट्टे येतात, कुणाचा घड गळ्यातच अडकतो. लॅबमधल्या तिच्या वरिष्ठ वनजा मॅडमनी मात्र मुद्दाम अशी बदललेली रोपं निपजवली, हजारोंनी, आणि रोगट मातीत लावली. एवढ्यातून एक तरी वाचेल म्हणून. सगळी पिवळी पडली. एक पडलं नाही.

त्या एकाला घड धरण्याआधीच कामाचा पैसा थांबला आणि वाफा मोकळा करायचा हुकूम आला. बुंध्याशी दोन पिलं फुटली होती. मॅडम म्हणाल्या, "तुझ्या परसातली केळ मर रोगानंच गेली होती ना? तिथंच लाव. बघू." तिनं दोन्ही पिलं लावली, आणि शेजारी साध्या रसबाळेची दोन, ताडून पाहायला.

हे सगळं तिनं हातातला घास हातात ठेवून सांगितलं होतं. गोदावरीबाई नीट ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "हौदा? हो का? बरं झालं बघ." आणि मग, "सारात मीठ जास्त झालंय का ग?"

त्यानंतर सुष्मा ते पुन्हा बोलली नाही. त्यात रागावण्यासारखं काही नव्हतं. या घरात सगळे मराठी बोलत, पण तिचं मराठी ऐकताना त्यांच्या डोळ्यांत पाहुण्याला ऐकताना असतो तसा आदर यायचा, आणि आदर आला की बोलणं संपायचं.

"काय ग? असा काय चेहरा करतीस?" गोदावरीबाईंचं हसू जरासं उतरलं. "चुकलं का माझं काही?"

त्यांच्या कपाळावर घामानं कुंकू ओघळलं होतं. पहाटेपासून त्या एकट्या राबत होत्या, सुनेला सुट्टीच्या दिवशी उठवायला नको म्हणून.

"नाही, अत्ते," सुष्मा म्हणाली. "काही नाही."

त्या आत गेल्यावर ती वाफ्याशी बसली. एका पिलाचा कंदच उभा चिरला गेला होता. त्यातून काही यायचं नव्हतं. दुसऱ्याचा वरचा भाग तेवढा गेला होता. केळीचं खरं खोड मातीत असतं, आणि त्याच्या टोकाला, पानांच्या पोटात, वाढीचा कोंब दडलेला असतो. तो खाली शाबूत असावा. तिनं कापलेल्या जागेकडे वाकून पाहिलं. कोपऱ्यात टाकलेल्या रोगट बुंध्यांच्या आत तपकिरी-लाल वर्तुळं दिसत होती, गंजल्यासारखी. हा मात्र आतून ओल्या खोबऱ्यासारखा पांढरा होता. डाग नाही, रेघ नाही.

झाड कापल्याशिवाय हे कधी कळलं नसतं. आणि कळलं ते असं.

तिनं हुणसूरला माहेरी गेलेल्या वनजा मॅडमना फोन लावला. मागे पोराबाळांचा कल्ला चालला होता. मॅडम कन्नडात म्हणाल्या, "थांब, बाहेर येते." मग सगळं ऐकून घेतलं.

"कोयता आधी रोगट झाडांना लागला, आणि मग त्यांना?"

"हो."



"म्हणजे रोग आता थेट जखमेत गेला असणार. सुष्मा, ते झाड खरंच रोगाला पुरून उरणारं असेल, तर काही करू नकोस. मातीतच राहू दे, आठवड्यात कोंब वर येईल. पण आजवर ते नुसतं नशिबानं वाचलं असेल, तर गेलं. आणि तुला कळेल तेव्हा उशीर झालेला असेल."

"आणि आज कोंब काढून बाटलीत घातला तर?"

"तर रोगापासून वाचेल. पण बाटलीनंच त्याला बदललंय, बाई. बाटली पुन्हाही बदलू शकते. जे मिळालंय तेच निघून जाईल कदाचित. मला विचारशील तर..." मॅडम थांबल्या. "नको, मला विचारू नकोस. ते तुझ्या परसात आहे. ठरव, आणि मला सांग."

तिनं नवऱ्यालाही, पुनीतला, फोटो पाठवला. तो पावगड्याला सोलरच्या कामावर, पंधरवड्यातून एकदा घरी यायचा. त्याचा लगेच फोन आला. मागे वारा घोंघावत होता.

"अगं, केळीचं पीलच ना? रावेरला मामांना सांग, टेम्पो भरून पाठवतील!"

तो हसला. चांगल्या मनानं हसला. तीही थोडं हसली, आणि त्याला जेवलास का म्हणून विचारलं.

मातीत राहू द्यायचं म्हणजे पुन्हा रोज सकाळी येऊन बघायचं, आज आहे की गेलं. वाट बघण्यात ती आता पुरती मुरली होती. ह्या घरात तिचं अर्धं आयुष्य वाट बघण्याचंच होतं. पण हे आणखी एक बघत बसणं तिला झेपणार नव्हतं. कोंब बाटलीत घालायचं ठरलं ते इतक्या साध्या कारणानं, आणि ते कारण तिनं मॅडमनाही सांगितलं नाही.

खुरपं आणायला ती स्वयंपाकघरात गेली, तर देवासमोर पाटावर सगळी हत्यारं मांडून झाली होती. विळी, कात्री, खुरपं, धुऊन पुसलेला तो कोयतासुद्धा, प्रत्येकावर कुंकवाचं बोट आणि शेवंतीचं फूल.

"खुरपं कशाला आज?" गोदावरीबाई म्हणाल्या. "त्याला आज विश्रांती की ग. आणि स्कूटरही पूजा झाल्याशिवाय काढू नको हं."

मग तिनं नारळाची करवंटी घेतली आणि त्या करवंटीनंच माती उकरली. पूजिता डोळे चोळत पायरीवर येऊन बसली आणि बघू लागली.

"आई, ह्याला नोवु झालं का?" दुखणं म्हणायचं झालं की पोरीला कन्नडच सुचायचं.

"झालं असेल. म्हणून आपण त्याला दवाखान्यात नेतोय."

"अज्जी पण येणार?"

"अज्जीला पूजा आहे."

बाहेर पडताना सुष्मानं लॅबमध्ये थोडं काम निघालंय एवढंच सांगितलं. गोदावरीबाईंनी तिच्या हातातल्या मातीनं भरलेल्या पिशवीकडे पाहिलं, सुनेच्या नखांकडे पाहिलं.  मग आत जाऊन पूजितासाठी डब्यात गोड पोंगल भरून आणलं.

नंजनगूडच्या बसच्या तोंडाला झेंडूचे हार होते आणि दोन्ही बाजूंना मनगटाएवढी केळीची रोपं बांधलेली. बस हलली की ती काचेसमोर माना डोलवायची. सगळ्या रस्त्यानं तसंच होतं. रिक्षा, ट्रॅक्टर, दुधाच्या गाड्या, सगळं गाव कापलेल्या केळी मिरवत चाललेलं. पूजिता खिडकीतून मोजू लागली आणि मोजता मोजता कंटाळली. शेजारच्या बाईनं पिशवीत डोकावून कन्नडात विचारलं, "सुरण का?" सुष्मानं मान हलवली. सुरण तर सुरण.

लॅबच्या फाटकाला कुलूप नव्हतं, पण पहारेकरी तुकोजीराव खुर्ची आडवी टाकून बसले होते. पांढऱ्या मिश्या, इस्त्रीचा गणवेश, कपाळावर गंध.

"काय बाई, आज? आज आपली यंत्रं झोपलीत. सकाळीच पूजा केलीय आम्ही."

"तुकोजीराव, थोडंच काम आहे. हे आज नाही झालं तर मरेल."

"चाकू लागणार की त्याला?"

"लागणार."

त्यांनी जीभ चावली. "नाही हो. आमचे पणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. नवमीला तलवार खाली ठेवली, की दशमीलाच उचलायची. मधे वाघ आला तरी काठीनं मारायचा, असा आमच्या घराचा नियम."

"मग आला वाघ?" पूजितानं विचारलं.

तुकोजीरावांनी तिच्याकडे नीट बघून घेतलं. "आला नाही ग, पुट्टी. तेवढी एक राहून गेली बघ आमच्या घराण्याची गोष्ट."

सुष्माला हसू आलं. त्या दिवसातलं पहिलंच, आणि त्याच्या मागोमाग डोळे भरून आले. तिनं तोंड वळवलं. म्हाताऱ्यानं ते पाहिलं असावं. उगाच मिशीवर हात फिरवत ते म्हणाले, "कपाटात नवी पाती आहेत ना, कागदाच्या पाकिटातली? ती काही आम्ही पूजेला मांडली नव्हती. पाकीट फोडलेलं नाही, म्हणजे ते अजून शस्त्र झालेलं नाही. असं मी धरतो. तुम्ही काय धरता?"

"मीही तसंच धरते."

"मग जा. यंत्राला नमस्कार करून मगच बटण दाबा. उठवतोय, तर सांगून उठवावं."

आत ज्या मोठ्या पेटीत स्वच्छ हवेच्या झोतात काम चालतं, तिच्या काचेवर हळदीचे पट्टे ओढलेले होते. सुष्मानं हात जोडले. काचेच्या दारापलीकडे स्टुलावर उभं राहून पूजितानंही जोडले.

मग बराच वेळ ती सोलत राहिली. आधी नळाखाली माती गेली, मग बाहेरची साल, मग औषधाचं पाणी, मग पुन्हा साल. केळीच्या आत केळच असते, पापुद्र्यात पापुद्रा, प्रत्येक आधीच्याहून फिकट. इथे तिचे हात चुकत नसत. इथे कुणाला काही समजावून सांगावं लागत नसे. यंत्राची एकसुरी घरघर, पात्याचं टोक आणि त्याच्याखाली लहान लहान होत जाणारं पांढरं. डोळे सारखे तपकिरी ठिपका शोधत होते. दिसला नाही. शेवटी चिमटीत राहिलं ते तांदळाच्या दाण्याहून थोडंसं मोठं, ओलं, टोकदार काही. तिनं ते बाटलीतल्या थिजलेल्या थरावर उभं केलं आणि झाकण लावलं.

झाकणावर तारीख घालून ती बाहेर आली आणि पूजितासमोर बसली.

"हेच?" पोरीनं नाक बाटलीला लावलं. तिच्या श्वासानं काच धूसर झाली. "एवढंस्सं?"

"हेच. बाकी सगळे त्याचे कपडे होते."

"आता ह्याला बरं वाटतंय?"

"इथं रोग येत नाही. खायला साखर आहे, उजेड आहे."

पूजितानं वाढीच्या खोलीच्या काचेतून आत पाहिलं. पांढऱ्या दिव्यांखाली फळ्याच फळ्या, आणि फळ्यांवर बाटल्याच बाटल्या, प्रत्येकीत तेच हिरवं, तितकंच उंच.

"ही सगळी एकसारखी आहेत."

"हो."

"हे मोठं झालं, की अज्जीनं कापलं तसंच होणार? पिवळं न पडणारं?"

"व्हायला हवं."

"हवं म्हणजे?"

खोटं सांगणं सोपं होतं. पण सकाळपासून तिनं 'काही नाही' इतक्या जणांना सांगितलं होतं, की हे एक माणूस तरी तिला त्यातून वगळायचं होतं.

"बाटलीत राहता राहता रोप कधी कधी बदलतं, पूजू. दिसायला तसंच दिसतं. पण आतून दुसरंच होतं."

"मग तुला कसं कळणार?"

"नाही कळत. पुन्हा मातीत लावायचं, मोठं करायचं. उन्हाळे, पावसाळे जाऊ द्यायचे. मग कळतं."

पूजितानं यावर विचार केला. तिच्या दोन भुवया जवळ आल्या, पुनीतच्या येतात तशा. तिनं बाटली दोन्ही हातांत घेतली, आपल्या चेहऱ्यासमोर धरली आणि त्या पांढऱ्या दाण्याकडे एकटक बघत राहिली.

"तुला नाही कळत, ते राहू दे," ती म्हणाली. "पण ह्याला? आपण बदललो, हे ह्याला तरी कळतं का ग, आई?"